प्लँकच्या सूत्रात न्यूच्या जागी सी/लॅम्डा घातल्यावर एककं का जुळत नाहीत?

काळीपेटी (प्रश्न)

कृष्णवस्तूच्या (पडणारं सगळं प्रारण शोषणाऱ्या आदर्श वस्तूच्या) प्रारणाची सूत्रं एका प्रोग्राममध्ये घालायची आहेत. त्याआधी प्रत्येक सूत्राची एककं कागदावर तपासून घेतोय. चिन्हं नावानेच लिहितो: एच प्लँकचा स्थिरांक, केबी बोल्ट्झमनचा, सी प्रकाशाचा वेग, टी तापमान, न्यू वारंवारता, लॅम्डा तरंगलांबी, बी प्रारणाची तीव्रता (बी_न्यू वारंवारतेच्या सूत्रातली, बी_लॅम्डा तरंगलांबीच्या).

बी_न्यू = (२ एच न्यू^३ / सी^२) × १/(एक्स्प(एच न्यू / केबी टी) − १)

यात न्यू = सी/लॅम्डा घातलं की पुढचा भाग २ एच सी/लॅम्डा^३ होतो. पुस्तकात मात्र तरंगलांबीच्या सूत्रात २ एच सी^२/लॅम्डा^५ दिलंय. एककं मांडली तर माझ्या राशीचं ज्यूल प्रति चौरस मीटर निघतं आणि पुस्तकातल्या राशीचं वॅट प्रति घनमीटर. बीजगणित तर सरळ आहे, मग मधला सी/लॅम्डा^२ कुठून आला? वॅट प्रति घनमीटर म्हणजे घनफळामागे शक्ती असं समजायचं का? आणि एककं जुळली की सूत्र बरोबर, असं धरून पुढे गेलं तर चालेल का?

शून्यमिती

२ एच सी/लॅम्डा^३ चुकीचं नाही. ते अजूनही बी_न्यूच आहे, फक्त लॅम्डा वापरून लिहिलेलं. तुम्ही सूत्रातलं चल बदललंत, राशी बदलली नाही. ज्यूल प्रति चौरस मीटर हे एकक बारकाईने पाहा: वॅट प्रति चौरस मीटर प्रति हर्ट्झ यात वॅट म्हणजे ज्यूल/सेकंद आणि हर्ट्झ म्हणजे १/सेकंद. दोन्ही सेकंद एकमेकांना खातात आणि उरतं ज्यूल/मीटर^२. म्हणजे तुमचं एकक ओरडून सांगतंय की ही राशी अजून ‘प्रति हर्ट्झ’ आहे.

बी_न्यू ही घनता आहे. अमुक एका वारंवारतेवर किती शक्ती, याला अर्थ नाही. वारंवारतेच्या एका अरुंद पट्ट्यात किती, एवढंच विचारता येतं. तोच पट्टा हर्ट्झमध्ये मोजा किंवा मीटरमध्ये, आतली शक्ती तीच राहायला हवी:

बी_न्यू |डीन्यू| = बी_लॅम्डा |डीलॅम्डा|

न्यू = सी/लॅम्डा याचं विकलन केलं की |डीन्यू/डीलॅम्डा| = सी/लॅम्डा^२. तुमच्या राशीला याने गुणा:

(२ एच सी/लॅम्डा^३) × (सी/लॅम्डा^२) = २ एच सी^२/लॅम्डा^५

हरवलेला अवयव तो हाच. त्याचं एकक हर्ट्झ प्रति मीटर, म्हणजे ‘प्रति हर्ट्झ’चं ‘प्रति मीटर’ करायला नेमकं जे लागतं ते.

आता मितींनी तपासू. वस्तुमान व, लांबी ल, काळ क, तापमान त.

एच = [व ल^२ क^−१]
केबी = [व ल^२ क^−२ त^−१]
सी = [ल क^−१]

आधी नेहमी घातांक बघा. एक्स्प, लॉग, साइन यांच्या कंसात मितीहीन संख्याच जाऊ शकते, त्यामुळे तिथे घसरलेलं सूत्र पुढे तपासण्यात वेळ घालवू नये. एच न्यू = [व ल^२ क^−२], केबी टी = [व ल^२ क^−२]. भागाकार मितीहीन. लॅम्डाच्या रूपात एच सी/(लॅम्डा केबी टी), तेही मितीहीन.

मग घातांकाबाहेरचा भाग:

एच न्यू^३/सी^२ = [व ल^२ क^−१][क^−३][ल^−२ क^२] = [व क^−२]
एच सी^२/लॅम्डा^५ = [व ल^२ क^−१][ल^२ क^−२][ल^−५] = [व ल^−१ क^−३]

शेवटी डावी बाजू. ती सूत्रातून काढायची नाही, व्याख्येतून काढायची. नाहीतर तपासणी स्वतःलाच साक्षीदार करते. वॅट = [व ल^२ क^−३]. त्याला मीटर^२ आणि हर्ट्झने भागलं की [व क^−२]. मीटर^२ आणि मीटरने भागलं की [व ल^−१ क^−३]. दोन्ही जुळतात.

घनमीटरबद्दल: तिथे घनफळ नाहीच. दोन मीटर पृष्ठभागाचे आणि तिसरा तरंगलांबीचा. म्हणून वॅट प्रति चौरस मीटर प्रति मायक्रॉन (१०^−६ मीटर) असं लिहिण्याची पद्धत आहे. आकडेही हाताळण्याजोगे येतात आणि गैरसमजही टळतो. पोकळीतल्या ऊर्जाघनतेचं तरंगलांबीतलं सूत्र घेतलं, ८ पाय एच सी/लॅम्डा^५ वालं, तर ज्यूल प्रति मीटर^४ येतं. दिसायला विचित्र, पण बरोबर: तीन मीटर खरोखर घनफळाचे, चौथा तरंगलांबीचा.

टोकेरी

वरच्या प्रतिसादात स्टेरेडियन (घनकोनाचं एकक) गाळलाय. मितींच्या हिशोबात तो १ आहे हे मान्य, पण बी_न्यू आणि बी_लॅम्डा दोन्ही ‘प्रति स्टेरेडियन’ राशी आहेत. कागदावर तो लिहीत चला. नाही लिहिला तर पुढचा घोटाळा ठरलेला.

काळीपेटी

तो घोटाळा बहुधा आत्ताच समोर आला. ३०० केल्विनला बी_लॅम्डाचं संकलन संगणकावर केलं तर १४६.२ येतं. स्टेफान–बोल्ट्झमन नियमाच्या सिग्मा टी^४ प्रमाणे (सिग्मा त्या नियमाचा स्थिरांक) ४५९.३ यायला हवं. एककं दोन्हीकडे वॅट प्रति चौरस मीटर.

किरणमापी

४५९.३ भागिले १४६.२ करून पाहा. पाय येतो. तुमचं संकलन अचूक आहे, तुलना चुकीच्या राशीशी होतेय.

बी ही एका दिशेची राशी. पृष्ठभागातून अर्ध्या गोलात बाहेर पडणारी एकूण शक्ती हवी असेल तर दिशांवरही संकलन करावं लागतं, आणि तिरप्या दिशेला पृष्ठभाग कोसाइन थीटाच्या (थीटा म्हणजे लंबापासूनचा कोन) प्रमाणात लहान दिसतो. कोसाइन थीटाचं अर्ध्या गोलावरचं संकलन २ पाय नाही, पाय स्टेरेडियन येतं. इथे २ पाय घालणारे बरेच असतात, आणि मितींच्या तपासणीला त्याचा पत्ताही लागत नाही.

पाय बी = सिग्मा टी^४
ऊर्जाघनता = ४ पाय बी/सी = ४ सिग्मा टी^४/सी

दुसऱ्या ओळीत कोसाइन नाही, कारण पोकळीतल्या बिंदूवर सगळ्या दिशा सारख्याच धरायच्या. म्हणून पूर्ण ४ पाय. सीने भागल्यावर वॅट/मीटर^२ चं ज्यूल/मीटर^३ होतं. ही पायरी मिती पकडतात. पाय की २ पाय की ४ पाय, हे त्या पकडत नाहीत. त्यावर उपाय टोकेरींनी सांगितला तोच: स्टेरेडियन हे खरंखुरं एकक असल्यासारखं वागवा. तुमच्या संकलनाचं उत्तर मग ‘१४६.२ वॅट प्रति चौरस मीटर प्रति स्टेरेडियन’ असं आलं असतं आणि सिग्मा टी^४ शेजारी ठेवताच फरक दिसला असता.

आता तिसऱ्या प्रश्नाकडे. एककं न जुळणारं सूत्र नक्की चूक. जुळणारं सूत्र बरोबर असेलच असं नाही, आणि कृष्णवस्तूच्या बाबतीत तर हे जास्तच खरं आहे, कारण क्ष = एच न्यू/केबी टी हा मितीहीन गट हाताशी असतो. क्षचा कुठलाही घात, कुठलंही फल सूत्रात घुसडलं तरी मिती ढिम्म हलत नाहीत. म्हणून पुढच्या सगळ्या चुका तपासणीतून सुखरूप पार होतात:

छेदातला −१ गाळणं. ते वीनचं जुनं सूत्र झालं; लहान तरंगलांबीला ठीक, लांब तरंगलांबीला साफ चूक.

एच न्यू^३ ऐवजी केबी टी न्यू^२ लिहिणं. दोघांत फक्त क्षचा फरक. म्हणूनच २ केबी टी न्यू^२/सी^२ हे रॅले–जीन्सचं अभिजात भौतिकीतलं रूपही मितींनी अगदी शुद्ध दिसतं.

कोनीय वारंवारता ओमेगा घेऊन एच तसाच ठेवणं. रेडियन मितीहीन असल्यामुळे एच ओमेगा पण ऊर्जाच दिसते, पण घातांक २ पाय पट मोठा होतो. ओमेगा वापरायचा तर एच/२पाय घ्या, आणि घनतेचं रूपांतरही करा: बी_ओमेगा = बी_न्यू/२पाय. सगळं आवरल्यावर पुढचा भाग (एच/२पाय) ओमेगा^३/(४ पाय^३ सी^२) असा येतो.

सेल्सिअस. टीच्या जागी ३०० ऐवजी २७ गेलं तर मिती ‘तापमान’ म्हणून होकार देतात. १० मायक्रॉनला क्ष ४.८ वरून ५३.३ वर जातो आणि उत्तर शून्यातच जमा.

आणि शिखर, म्हणजे वक्राचा सर्वोच्च बिंदू. लॅम्डा_कमाल × टी = २.८९७७७२ × १०^−३ मीटर·केल्विन; न्यू_कमाल/टी = ५.८७८९ × १०^१० हर्ट्झ/केल्विन. दोन्ही बरोबर, पण एकातून दुसरं सी/लॅम्डा करून काढता येत नाही. सूर्याचं प्रभावी तापमान ५७७२ केल्विन घ्या: तरंगलांबीतलं शिखर ५०२ नॅनोमीटरला. वारंवारतेतलं ३.३९ × १०^१४ हर्ट्झला, म्हणजे ८८३ नॅनोमीटरला, थेट अवरक्तात. कारण शून्यमितींनी सांगितलेला तोच सी/लॅम्डा^२: घनता बदलली की वक्राचा आकार बदलतो आणि शिखर सरकतं. पहिल्या शिखराला क्ष = ४.९६५, दुसऱ्याला २.८२१.

अवरक्त

मायक्रॉनचा मुद्दा सुटू नये, प्रोग्राममध्ये सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो.

लॅम्डा मायक्रॉनमध्ये घेऊन बाकी सगळं एसआयमध्ये ठेवलं तर लॅम्डा^५ मुळे १०^३० पटीची चूक होते. ती निदान लगेच दिसते. फसवी चूक वेगळी: आत मीटर वापरून बी_लॅम्डा ‘प्रति मीटर’ काढायचा आणि संकलन करताना डीलॅम्डा मायक्रॉनमध्ये द्यायचा. उत्तर १०^६ पट मोठं. आलेख काढला तर आकार हुबेहूब बरोबर, फक्त अक्षावरचे आकडे खोटे.

दोन मार्ग आहेत. एक, आत सगळीकडे मीटर आणि बाहेर देताना १०^−६ ने गुणून ‘प्रति मायक्रॉन’. दुसरा, स्थिरांकच मायक्रॉनमध्ये घ्यायचे:

२ एच सी^२ = १.१९१०४३ × १०^८ वॅट·मायक्रॉन^४ प्रति मीटर^२ प्रति स्टेरेडियन
एच सी/केबी = १४३८७.७७ मायक्रॉन·केल्विन

पहिल्यातला मायक्रॉन^४ बघून बिचकू नका. लॅम्डा^५ ने भागलं की एक मायक्रॉन छेदात उरतो, तोच ‘प्रति मायक्रॉन’. एसआयमध्ये याच स्थिरांकाचं मूल्य १.१९१०४३ × १०^−१६ वॅट·मीटर^२ प्रति स्टेरेडियन. मीटर^४ चे मायक्रॉन^४ करताना १०^२४ येतो, हिशोब जुळतो.

पडताळणीसाठी एक बिंदू: ३०० केल्विन, १० मायक्रॉन. क्ष = १४३८७.७७/३००० = ४.७९५९. एक्स्प(क्ष) − १ = १२०.०. पुढचा भाग १.१९१०४३ × १०^८/१०^५ = ११९१. भागाकार ९.९२.

बी_लॅम्डा = ९.९२ वॅट प्रति मीटर^२ प्रति स्टेरेडियन प्रति मायक्रॉन
बी_न्यू = ३.३१ × १०^−१२ वॅट प्रति मीटर^२ प्रति स्टेरेडियन प्रति हर्ट्झ

दुसरा आकडा पहिल्याला लॅम्डा^२/सी ने गुणून मिळतो, पण त्याआधी ९.९२ चं ‘प्रति मीटर’ करायला विसरू नका (९.९२ × १०^६). तरंगसंख्या (१/लॅम्डा) वापरणाऱ्यांसाठी तोच बिंदू, १००० प्रति सेंटिमीटर: ०.०९९२ वॅट प्रति मीटर^२ प्रति स्टेरेडियन प्रति (सेंटिमीटर^−१). इथे पृष्ठभाग मीटरमध्ये आणि तरंगसंख्या सेंटिमीटरमध्ये असते. ही सरमिसळ इतकी रुळलेली आहे की एककं पूर्ण लिहिल्याशिवाय त्या क्षेत्रातला कुठलाही आकडा उचलू नये.

सीजीएसमधून (सेंटिमीटर–ग्रॅम–सेकंद पद्धत) आकडा आला असेल तर १ वॅट/मीटर^२ = १००० अर्ग प्रति सेकंद प्रति सेंटिमीटर^२. सिग्मा तिथे ५.६७०४ × १०^−५.

शून्यमिती

किरणमापींनी मर्यादा नीट दाखवल्या. नाण्याची दुसरी बाजूही सांगतो, कारण या विषयात मिती नुसती तपासणी करत नाहीत, त्याहून पुढे जातात.

सिग्मा = केबी^अ × एच^ब × सी^ड असेल असं धरा. हवं असलेलं एकक वॅट प्रति मीटर^२ प्रति केल्विन^४, म्हणजे [व क^−३ त^−४].

तापमान: −अ = −४, म्हणून अ = ४
वस्तुमान: अ + ब = १, म्हणून ब = −३
लांबी: २अ + २ब + ड = ०, म्हणून ड = −२
काळ: −२अ − ब − ड = −८ + ३ + २ = −३

तीन अज्ञातं, चार समीकरणं, आणि चौथं आपोआप सुटतं. केबी^४/(एच^३ सी^२) चं मूल्य १.३९ × १०^−९. खरा सिग्मा ५.६७ × १०^−८. मधला ४०.८ हा आकडा २ पाय^५/१५, तो संकलनातूनच मिळतो. मितींनी टी^४ दिला, स्थिरांकांचे घात दिले, फक्त एक शुद्ध संख्या हातची ठेवली.

आता यातून एच काढून टाका आणि केबी, टी, सी एवढ्यांतूनच वॅट/मीटर^२ बनवून बघा. वस्तुमानासाठी केबी टीचा घात १. लांबी नाहीशी करायला सीचा घात −२. पण मग काळाचा घात शून्य होतो आणि आपल्याला −३ हवा आहे. बनतच नाही. अभिजात भौतिकीत तापलेल्या वस्तूच्या एकूण प्रारणासाठी सान्त सूत्र मितींच्या पातळीवरच शक्य नव्हतं. रॅले–जीन्सचं संकलन अनंताकडे जातं ते याच कारणाने. १९०० मध्ये प्लँकने आणलेल्या नव्या स्थिरांकाशिवाय हे चार घात जुळत नाहीत.

काळीपेटी

पाय स्टेरेडियन घातल्यावर ४५९.३ आलं, आणि ९.९२ चा बिंदूही जुळला. एकच राहिलं: एककांचा हिशोब पायथॉनलाच करायला लावणं विश्वासाचं आहे का, आणि आकडेमोडीत वेगळं काही सांभाळायचं का?

अवरक्त

विश्वासाचं आहे, पण लायब्ररीगणिक वागणूक वेगळी. ॲस्ट्रोपाय या खगोलशास्त्राच्या लायब्ररीत रेडियन आणि स्टेरेडियन ही खरी एककं धरली जातात, त्यामुळे पाय विसरलात तर स्टेरेडियन शिल्लक दिसतो. बी_न्यूचं बी_लॅम्डा करायला सांगितलं तर ती सरळ नकार देते. कुठल्या तरंगलांबीला ते सांगून वर्णपटीय घनतेची समतुल्यता द्यावी लागते. नकार देते हेच चांगलं. तिच्या तयार कृष्णवस्तू मॉडेलचं उत्तर मुळात सीजीएसमध्ये, प्रति हर्ट्झ प्रति स्टेरेडियन येतं, हे लक्षात ठेवा. पिंट या एककांच्या लायब्ररीत स्टेरेडियन मितीहीन आहे, म्हणजे १४६ आणि ४५९ चा घोळ तिथे पकडला जाणार नाही.

आकडेमोडीत तीन गोष्टी. क्ष लहान असेल तर एक्स्प(क्ष) − १ असं लिहू नका, एक्स्पएम१ हे फंक्शन वापरा. १ मेगाहर्ट्झ आणि ३०० केल्विनला क्ष = १.६ × १०^−७. सिंगल प्रिसिजनमध्ये (३२ बिटांच्या संख्यांत) साधी वजाबाकी केली तर छेद पाव भागाने कमी येतो. क्ष ७०९ च्या पुढे गेला की डबल प्रिसिजनमध्येही एक्स्प मावत नाही, तिथे थेट शून्य परत द्या. आणि सिग्मा मूळ स्थिरांकांपासून काढायचा असेल तर सिंगल प्रिसिजनला हात लावू नका: एच^३ हा १०^−१०० च्या घरात जातो, तिथे तो शून्यच होतो, केबी^४ चीही तीच गत, आणि उत्तर म्हणून शून्य भागिले शून्य मिळतं.

संकलनासाठी ३०० केल्विनला १ ते १००० मायक्रॉन पुरेसं आहे, बाहेर राहणारा भाग लाखात एकाहूनही कमी. बिंदू मात्र लॉगच्या अंतराने घ्या. समान अंतराने घेतले तर बहुतेक बिंदू १०० मायक्रॉनच्या पलीकडच्या सपाट शेपटीत खर्च होतात आणि ९.७ मायक्रॉनच्या शिखराजवळ मोजकेच उरतात.